व्हेरिएबल स्पीड टर्बाइनचा कंट्रोलर: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

आजपासून नोंदी ठेवतोय. काम असं आहे की व्हेरिएबल स्पीड, व्हेरिएबल पिच (पिच म्हणजे ब्लेडचा स्वतःच्या अक्षाभोवतीचा कोन) पवन टर्बाइनचा कंट्रोलर शून्यापासून लिहायचा, तयार ब्लॉक उचलायचे नाहीत आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते हाताने काढून बघायचं. मॉडेल म्हणून एनआरईएलचं (अमेरिकेची नॅशनल रिन्युएबल एनर्जी लॅबोरेटरी) ५ मेगावॅटचं रेफरन्स टर्बाइन घेतलंय, २००९ च्या रिपोर्टमधलं. हे कागदावरचं टर्बाइन आहे, पण याचा सगळा डेटा उघडा आहे म्हणून जगभरातले लोक आपापले कंट्रोलर यावरच तपासून घेतात. रोटरचा व्यास १२६ मीटर, हब ९० मीटर उंचीवर, गिअर रेशो ९७, कट-इन (टर्बाइन सुरू होतं तो वारा) ३ मीटर/सेकंद, रेटेड वारा (पूर्ण पॉवर मिळते तो) ११.४, कट-आउट (टर्बाइन बंद करतात तो) २५, रेटेड रोटर स्पीड १२.१ आरपीएम. सुरुवातीला एकच मास धरतोय, म्हणजे रोटर आणि जनरेटर एका कडक शाफ्टवर, वळणारा शाफ्ट नंतर घेऊ.

आधी व्हेरिएबल स्पीडच का हे एकदा लिहून ठेवतो. वाऱ्यातली पॉवर वेगाच्या घनात जाते, वारा दुप्पट तर पॉवर आठपट. त्यातली किती आपल्या हाती लागते ते सीपी ठरवतो, त्याची वरची मर्यादा बेट्झची ५९.३ टक्के. या टर्बाइनचा सर्वात जास्त सीपी ०.४८२ आहे आणि तो मिळतो लॅम्डा ७.५५ असताना, लॅम्डा म्हणजे ब्लेडच्या टोकाचा वेग भागिले वाऱ्याचा वेग. जनरेटर थेट ग्रिडला जोडला की रोटरचा स्पीड ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीला बांधला जातो आणि मग लॅम्डा एकाच वाऱ्याला बरोबर बसतो, बाकी वेळ आपण पॉवर सोडत राहतो. हे कारण सगळे सांगतात. पण दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. स्पीड मोकळा असला की झुळूक आली तर ती रोटरच्या वेगात साठते, स्पीड बांधलेला असला की तीच झुळूक टॉर्क बनून सरळ गिअरबॉक्सच्या दातांवर आदळते.

८ जानेवारी

टॉर्कचा नियम. कट-इनच्या पुढे आणि रेटेडच्या खाली पिच ० अंशावर ठेवायचा आणि जनरेटरचा टॉर्क के गुणिले स्पीडचा वर्ग इतका मागायचा, बस. के काढायचा असा: हवेची घनता १.२२५, त्रिज्या ६३ चा पाचवा घात, पाय, सीपी ०.४८२, हे सगळं गुणून निम्मं करायचं आणि लॅम्डाच्या घनाने भागायचं. लो स्पीड शाफ्टवर साधारण २१.४ लाख येतो. जनरेटरच्या बाजूला न्यायला ९७ च्या घनाने भागलं आणि रेडियनचं आरपीएम केलं तर ०.०२५७ न्यूटन मीटर प्रति आरपीएम वर्ग. रिपोर्टमध्ये ०.०२५५८ आहे. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, आणि लॅम्डा ०.०१ ने इकडेतिकडे झाला तरी घनामुळे ०.४ टक्के हलतोच, त्यामुळे हे जुळलं असं धरतो. पुढे रिपोर्टचाच आकडा वापरणार.

यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे हा नियम वारा विचारतच नाही. रोटर जास्त जोरात फिरतोय म्हणजे लॅम्डा वर गेलाय, तेव्हा जनरेटरचा टॉर्क हवेच्या टॉर्कपेक्षा जास्त होतो आणि रोटर आपोआप खाली येतो, हळू फिरत असेल तर उलट. वेगळं काही न करता तो ७.५५ वर येऊन बसतो. ८ मीटर/सेकंद वाऱ्याला ९.१५ आरपीएमवर बसायला हवा होता, तिथेच बसला.

९ जानेवारी

सहकाऱ्याने विचारलं की नॅसेलवर (टॉवरच्या माथ्यावरची जनरेटरची पेटी) अ‍ॅनिमोमीटर, म्हणजे वारा मोजायचं यंत्र, असतोच, मग वारा मोजून सरळ स्पीडचा सेट पॉइंट का नाही द्यायचा. कारण तो रोटरच्या मागे असतो, ब्लेडने ढवळलेली हवा मोजतो, आणि तीसुद्धा एका बिंदूवर. रोटरचा पसारा जवळपास साडेबारा हजार चौरस मीटर, त्यात वरच्या ब्लेडला एक वारा आणि खालच्याला दुसरा. रोटर स्वतःच त्या सगळ्याची सरासरी काढतो आणि ती आपल्याला जनरेटरच्या स्पीडमध्ये दिसते. अ‍ॅनिमोमीटर चालू-बंद करायला आणि दिशा बघायला ठीक आहे, आतल्या लूपमध्ये त्याला घ्यायचं नाही असं ठरलं.

१३ जानेवारी

आज बदलता वारा दिला. रोटर ऑप्टिममच्या मागे मागे राहतो आणि हे अपेक्षितच आहे, पण किती मागे ते काढलं. ड्राइव्हट्रेनचं (रोटर, शाफ्ट, गिअरबॉक्स, जनरेटर मिळून) एकूण फिरण्याचं जडत्व, इनर्शिया 'जे', लो स्पीड बाजूला ४.३८ कोटी किलो मीटर वर्ग. ऑप्टिममच्या आसपास लिनिअराइझ केलं की टाइम कॉन्स्टंट (रोटरला नव्या स्पीडकडे जायला लागणाऱ्या वेळेचं माप) येतो 'जे' गुणिले ओमेगा (रोटरचा कोनीय वेग) वर्ग भागिले तीनपट पॉवर. ८ मीटर/सेकंदला पॉवर १.८८ मेगावॅट, म्हणजे टाइम कॉन्स्टंट सुमारे ७ सेकंद, साडेदहाला साडेपाचच्या आत. दोन-तीन सेकंदांच्या झुळकीमागे हा रोटर धावूच शकत नाही, आणि जबरदस्तीने धावायला लावायचं म्हटलं तर जनरेटरला मोटर करून ग्रिडमधून पॉवर ओढावी लागेल, त्याने शाफ्टचे हाल होतात आणि मिळणारी वीज किरकोळ.

के थोडा कमी ठेवून पण बघितलं. सीपीचा डोंगर दोन्ही बाजूंना सारखा नाही, लॅम्डा कमी झालेल्या बाजूला स्टॉल आहे आणि तिकडचा उतार जास्त तीव्र. म्हणून के कमी करून रोटरला किंचित जास्त स्पीडवर चालवलं तर झुळकेत तो त्या वाईट बाजूला कमी वेळा पडतो. स्थिर वाऱ्यात नुकसान नगण्य, कारण शिखर वरून सपाट आहे. शिवाय ब्लेडवर धूळ, किडे बसले की खरा सीपी खाली येतोच, तेव्हा कागदावरचा के तसाही जास्तच ठरतो. ऑप्टिममच्या शेवटच्या अर्ध्या टक्क्यासाठी फार झटायचं नाही.

१९ जानेवारी

आज खरं काम सुरू झालं. आत्तापर्यंतचं सगळं पुस्तकी होतं, कंट्रोलर चांगला की वाईट ते रेटेडच्या अलीकडच्या छोट्या पट्ट्यात ठरतं असं माझं मत पक्कं होत चाललंय.

आकडे बघा. रेटेड जनरेटर स्पीड ११७३.७ आरपीएम. तिथे के गुणिले वर्ग केलं तर ३५,२३३ न्यूटन मीटर येतात. रेटेड पॉवरला लागतात ४३,०९४. म्हणजे रेटेड स्पीड आला तरी टॉर्क जवळपास १८ टक्के कमी पडतो. नियम तसाच पुढे चालू दिला तर पूर्ण पॉवर १२५५ आरपीएमच्या आसपास मिळेल, रोटर १२.९ वर, ब्लेडचं टोक ८५ मीटर/सेकंदने. पण टोकाचा वेग ८० वर धरलाय, त्यापुढे आवाज झपाट्याने वाढतो. म्हणून १०.६ मीटर/सेकंदला स्पीडची मर्यादा लागते आणि पॉवर मात्र ११.४ ला पूर्ण होते. या मधल्या जागेत स्पीड जवळपास स्थिर आणि टॉर्क चढता, यालाच रीजन अडीच म्हणतात, कारण रेटेडखालचा भाग रीजन दोन आणि वरचा तीन.

रिपोर्टमधला उपाय म्हणजे एक सरळ रेषा, १० टक्के स्लिपच्या (स्लिप म्हणजे सिंक्रोनस स्पीडपासूनचा फरक) इंडक्शन मशीनसारखी. ती के वक्राला ११३६ आरपीएमजवळ भेटते आणि ११६२ ला रेटेड पॉवरवर संपते. या २६ आरपीएममध्ये टॉर्क ३३,००० वरून ४३,५०० वर जातो! रोटरच्या बाजूला बघितलं तर हे सगळं फक्त ०.२७ आरपीएममध्ये. के वक्राचा उतार तिथे ५८ न्यूटन मीटर प्रति आरपीएम आणि रेषेचा ४१२, सातपट. वारा १०.५ ते ११.५ मध्ये घुटमळत राहिला की टॉर्क सारखा वरखाली होतो, आणि साइटवर वारा नेमका या भागात बराच वेळ असतो.

२१ जानेवारी

सरळ रेषा काढून टाकली. तिच्या जागी टॉर्कवर पीआय लूप (प्रपोर्शनल-इंटिग्रल, म्हणजे आत्ताची एरर आणि आधीची साठलेली एरर दोन्ही बघून दुरुस्ती करणारा), सेट पॉइंट रेटेड स्पीड, खालची मर्यादा के गुणिले वर्ग, वरची मर्यादा रेटेड टॉर्क. स्पीड रेटेडच्या खाली असला की पीआय आपोआप खालच्या मर्यादेवर जाऊन बसतो आणि टर्बाइन ऑप्टिममवर चालतं, रेटेडला पोचला की मर्यादेवरून सुटून टॉर्क वर नेतो. कुठेही मोड बदलायचा स्विच नाही, इफ-एल्स नाही, त्यामुळे उडीही नाही. टॉर्क बदलायचा कमाल वेग १५,००० न्यूटन मीटर प्रति सेकंद ठेवलाय, तो आता क्वचितच लागतो.

यात एक गुंता आहे जो पिच लूप आला की दिसेल: दोन्ही लूप एकाच स्पीडला एकाच सेट पॉइंटवर धरणार.

२४ जानेवारी

पिच लूप. रेटेडच्या वर टॉर्क पूर्ण झालाय, आता जादा वारा ब्लेड वळवून सोडायचा, फेदरच्या दिशेने, म्हणजे ब्लेडची धार वाऱ्याकडे करत. स्पीडची एरर घेऊन पीआय, एवढंच. डिझाइनला नॅचरल फ्रिक्वेन्सी ०.६ रेडियन/सेकंद आणि डॅम्पिंग ०.७ धरलं. पिच ० ला पिच एक रेडियन बदलला तर पॉवर २५.५ मेगावॅटने पडते हा उतार रिपोर्टमध्ये दिलाय, त्यावरून पीआयचे दोन गेन (गुणक), केपी ०.०१८८ आणि केआय ०.००८०७, निघाले, रिपोर्टशी तंतोतंत.

पण हा उतार सगळीकडे सारखा नाही. १२ मीटर/सेकंदला पिच ३.८ अंश लागतो, १५ ला १०.४५, २५ ला २३.५. सुरुवातीला एका मीटर/सेकंदसाठी पिच भराभर वाढतो, पुढे एक-सव्वा अंशात काम भागतं, कारण वारा जोराचा असताना तोच एक अंश खूप जास्त पॉवर कापतो. म्हणून गेन शेड्यूलिंग, म्हणजे पिचप्रमाणे गेन बदलत जायचा, पिच ६.३ अंश झाला की गेन निम्मा. २३.५ अंशाला गेन ०.२१ राहतो, म्हणजे मूळचा गेन तसाच ठेवला असता तर लूप तिथे पावणेपाचपट उतावळा झाला असता. शेड्यूलिंग बंद करून २३ मीटर/सेकंदला चालवलं, पिच अ‍ॅक्च्युएटर सतत थरथरत राहिला. खऱ्या टर्बाइनवर पिच बेअरिंग आणि ड्राइव्ह यातच झिजतात.

शेड्यूलिंगसाठी पिचचं मोजमाप घेतलंय, वाऱ्याचं नाही. पुन्हा तेच, पिच कुठे आहे यावरूनच वारा किती आहे ते कळतं.

२७ जानेवारी

अँटी-वाइंडअप (पीआयच्या इंटिग्रेटरमध्ये एरर नको तेवढी साठू न देणारी सोय) मुद्दाम बंद करून चाचणी घेतली, फरक डोळ्यांनी बघायचा होता. वारा बराच वेळ ८ ठेवला आणि मग एका रॅम्पने १४ वर नेला. ८ ला स्पीड रेटेडच्या खाली, एरर निगेटिव्ह, पिच ० च्या खाली जाऊ शकत नाही पण इंटिग्रेटर आत खाली खाली जात राहतो. मग वारा चढला, स्पीड रेटेड ओलांडून गेला आणि ब्लेड हलायलाच तयार नाहीत, कारण इंटिग्रेटरला आधी सगळा साठलेला खड्डा भरून काढायचाय. रोटर ओव्हरस्पीड ट्रिपवर (जास्त वेगामुळे आपोआप बंद) गेला. इंटिग्रेटर ० वर क्लॅम्प केला की त्याच रॅम्पला स्पीड थोडा वर जाऊन परत येतो. कोडमध्ये ही एक ओळ आहे, पण कुठलाही कंट्रोलर बघताना मी आधी ती ओळ शोधतो.

२८ जानेवारी

आता २१ तारखेचा गुंता. वारा ११.४ च्या आसपास, टॉर्क आणि पिच दोघेही ११७३.७ धरायला बघतायत. झुळूक आली, पिच उघडला, पॉवर सांडली, झुळूक गेली, स्पीड पडला, आता टॉर्कवाला स्पीड धरायला टॉर्क खाली करतो आणि पिच अजून ० वर परतलेलाच नाही. म्हणजे ब्लेड हवा सोडतायत आणि त्याच वेळी जनरेटर कमी पॉवर काढतोय, नुसती रस्सीखेच.

उपाय सेट पॉइंट वेगळे करायचा. पिच काम करत असेल तेव्हा टॉर्कचा रेफरन्स थोडा खाली सरकवायचा म्हणजे तो वरच्या मर्यादेवर गप्प बसतो, आणि टॉर्क पूर्ण नसेल तेव्हा पिचचा रेफरन्स थोडा वर सरकवायचा. हे सरकणं सावकाश, फिल्टरमधून. एनआरईएल आणि डेल्फ्टच्या लोकांनी केलेल्या रॉस्को या ओपन सोर्स कंट्रोलरमध्ये हीच कल्पना आहे, सेट पॉइंट स्मूदिंग नावाने. लावल्यावर ११ ते १२ च्या वाऱ्यातला पॉवरचा आलेख लगेच भरल्यासारखा दिसायला लागला, पिचची हालचाल कमी झाली. या एका बदलाने जेवढा फायदा झाला तेवढा के कितीही घासूनपुसून घेतला असता तरी मिळाला नसता.

३१ जानेवारी

रेटेडच्या वर टॉर्क स्थिर ठेवायचा की पॉवर? ग्रिडवाल्यांना पॉवर स्थिर हवी असते. पण स्थिर पॉवर म्हणजे स्पीड वाढला की टॉर्क कमी करायचा, आणि पळणाऱ्या रोटरवरचा ब्रेक सैल करण्यासारखं ते होतं, निगेटिव्ह डॅम्पिंग. किती ते काढलं: पॉवर भागिले स्पीडचा वर्ग, ३.३ मेगान्यूटन मीटर सेकंद. पिच लूप देतो ३६.८. म्हणजे नऊ टक्के कमी होतात, डॅम्पिंग ०.७ चं ०.६४. हे परवडतं, स्थिर पॉवर ठेवली. पिच लूप मंद करायची वेळ आली तर मात्र हा हिशोब पुन्हा करायचा, कारण तेव्हा ३.३ तेवढेच राहणार आणि ३६.८ घटणार.

४ फेब्रुवारी

शाफ्ट आता वळणारा घेतला, दोन मास. कडकपणा ८६.८ कोटी न्यूटन मीटर प्रति रेडियन, एका टोकाला रोटर आणि दुसऱ्याला ९७ च्या वर्गाने गुणलेला जनरेटर. ब्लेड ताठ धरले तर फ्रिक्वेन्सी २.२ हर्ट्झ, डॅम्पिंग ५ टक्के. रेटेडच्या वर टॉर्क जवळपास स्थिर असतो त्यामुळे जनरेटरकडून या मोडला (शाफ्टच्या या कंपनाला) काहीच डॅम्पिंग मिळत नाही आणि टर्ब्युलन्समध्ये तो वाजत राहतो.

ड्राइव्हट्रेन डॅम्पर टाकला: जनरेटर स्पीड २.२ हर्ट्झच्या बँड-पासमधून (तेवढीच फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा फिल्टर) काढून गेनने गुणायचा आणि टॉर्क डिमांडमध्ये मिळवायचा. इथे सावध राहायला लागतं. मुख्य लूपला स्पीड ०.२५ हर्ट्झच्या लो-पासमधून (त्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर) देतो, त्यात २.२ हर्ट्झ जवळजवळ शिल्लकच राहत नाही, म्हणून डॅम्परला कच्चा, न गाळलेला स्पीड द्यायचा. आणि कन्व्हर्टरचा, कम्युनिकेशनचा उशीर फेजमध्ये धरायचा, नाहीतर डॅम्पर उलटा मोडला चेव आणेल. तो लो-पास फुकटचा नाही हेही लिहून ठेवतो, पिच लूपच्या ०.६ रेडियन/सेकंदला तो २१ अंश फेज खातो.

१० फेब्रुवारी

टॉवर. पहिला मोड पुढे-मागे ०.३२४ हर्ट्झ. १२.१ आरपीएमला एक फेरी म्हणजे ०.२०२ हर्ट्झ आणि तीन ब्लेड म्हणून ०.६०५, टॉवर या दोन्हींच्या मध्ये. पण स्पीड खाली आणत गेलं की तीन ब्लेडची फ्रिक्वेन्सी टॉवरकडे सरकते आणि ६.५ आरपीएमला बरोबर त्यावर येते. रोटरचा किमान स्पीड ६.९ आहे, तिथे ०.३४५, अंतर फार थोडं. मंद वाऱ्यात लॅम्डा बिघडला तरी चालेल पण याच्या खाली रोटरला रेंगाळू द्यायचं नाही, तिथे मिळणारी वीज तशी कमीच असते. म्हणून खालच्या मर्यादेलाही टॉर्कचा पीआय लावला, वरच्यासारखाच.

समुद्रात तरंगत्या पायावर हे टर्बाइन नेलं तर मामला अजून कठीण होतो. रेटेडच्या वर वारा वाढला की पिच उघडतो आणि थ्रस्ट (रोटरला मागे ढकलणारा वाऱ्याचा जोर) कमी होतो. तरंगता पाया पुढे झुकला की रोटरला वारा वाढल्यासारखा लागतो, कंट्रोलर पिच उघडतो, थ्रस्ट घटतो आणि पाया अजून पुढे जातो. म्हणून तिथे पिच लूप पायाच्या नॅचरल फ्रिक्वेन्सीपेक्षा मंद करतात, स्पार प्रकाराला (उंच नळकांड्यासारखा तरंगता पाया) ०.२ रेडियन/सेकंदपर्यंत, आणि ३१ तारखेचा हिशोब तिथे खरोखर टोचतो. माझं टर्बाइन जमिनीवर आहे, पण ०.६ चा आकडा डोळे मिटून कुठेही न्यायचा नाही.

१५ फेब्रुवारी

जनरेटर कोणता यावर थोडक्यात. डीएफआयजी (डबली फेड इंडक्शन जनरेटर) घेतला तर कन्व्हर्टर रेटेड पॉवरच्या २५-३० टक्क्यांचा पुरतो आणि स्पीड सिंक्रोनसच्या ३० टक्के वरखाली फिरवता येतो, पण स्टेटर थेट ग्रिडवर असल्यामुळे व्होल्टेज पडलं की झटका आत येतो. परमनंट मॅग्नेटला पूर्ण पॉवरचा कन्व्हर्टर लागतो, तो मध्ये डीसी लिंक ठेवून ग्रिडला वेगळं करतो. वरच्या कंट्रोलरला दोन्ही सारखेच, टॉर्क मागितला की काही मिलिसेकंदांत मिळतो.

ग्रिड फॉल्टला काय होतं ते मात्र तपासलं. रेटेडला चालू असताना टॉर्क अचानक शून्य केला तर हवेचा टॉर्क एकटा राहतो आणि रोटर ०.९१ आरपीएम प्रति सेकंदने पळायला लागतो. १० टक्के ओव्हरस्पीड सुमारे १.३ सेकंदांत. पिचचा कमाल वेग ८ अंश/सेकंद, पण स्पीडची एरर वाढेपर्यंत पीआय वाट बघतो आणि लो-पास वर अजून उशीर करतो. म्हणून फॉल्टचा सिग्नल थेट पिचला फीडफॉरवर्ड दिला, पीआयला बाजूला ठेवून. व्होल्टेज परत आलं की टॉर्क रॅम्पने चढवायचा, एकदम नाही, नाहीतर २.२ हर्ट्झचा मोड जागा होतो.

१८ फेब्रुवारी

टर्ब्युलंट वाऱ्याच्या रन लावून ठेवल्यात, ४ पासून २४ मीटर/सेकंद सरासरीपर्यंत, प्रत्येक सरासरीला वेगवेगळे सीड, म्हणजे यादृच्छिक वाऱ्याचे वेगवेगळे नमुने. ११ आणि १२ च्या फाइल आधी उघडणार, थ्रस्ट रेटेडजवळच सर्वात जास्त असतो आणि टॉवरच्या बुंध्याचा लोड तिथेच बघायचा. तिथे पिच ० ऐवजी थोडा आधीच उघडून थ्रस्टचं टोक कापायचं, पीक शेव्हिंग, हे पुढचं. त्यात वीज थोडी जाते, किती जाते आणि लोड किती उतरतो ते शेजारी शेजारी ठेवूनच किमान पिचचा टेबल ठरवेन. कट-आउटला हिस्टेरिसिस (बंद आणि पुन्हा चालू करायचा वारा वेगळा ठेवणं) आणि प्रत्येक ब्लेडचा वेगळा पिच ही कामं त्यानंतर.